नोटेच्या कडेचा जांभळा डाग: चोरीच्या रोकडीवर बँका खूण कशी करतात

धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, हिशेब पाहणाऱ्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रकभाड्याच्या हिशेबातून परत आलेल्या रकमेत त्याला पाचशेच्या तीन नोटा अशा मिळाल्या की तिन्हींच्या एका लांब कडेला जांभळट डाग आहे. ट्रकच्या ड्रायव्हरने जाता जाता सांगितले की अशा नोटा फोडलेल्या एटीएममधल्या असतात आणि बँक त्या ओळखते. तेव्हा बँका चोरीच्या नोटांवर खरोखर खूण करतात का, करत असल्यास कशी, ती शाई धुऊन निघते का आणि या तीन नोटांचे आता काय करावे, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

मी 34 वर्षे बँकेत काढली. त्यांतला मोठा काळ रोकड विभागात गेला. आधी तालुक्याच्या शाखांत कॅशियर म्हणून, नंतर करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा साठवून शाखांना पुरवणाऱ्या कोठारात, जॉइंट कस्टोडियन (किल्ल्यांचा सह-रखवालदार) म्हणून आणि शेवटची काही वर्षे शाखांची सुरक्षा तपासणी करण्यात. त्या आधारावर आधी सरळ उत्तर देतो. खूण करतात, हे खरे आहे. परंतु रंग उडवणारी जी उपकरणे तुम्ही ऐकली आहेत ती मुख्यतः अमेरिका, युरोप आणि ब्राझीलमधली आहेत. आपल्याकडच्या शाखेत नोटेला जी ओळख मिळते ती रंगातून नाही, नोंदवहीतून मिळते, आणि त्या नोंदवहीचा आम्ही किती हलगर्जीपणा करतो हे मी स्वतःच्या अनुभवावरून पुढे सांगणार आहे.

रंगाचे उपकरण म्हणजे डाय-पॅक. त्याचा शोध 1965 मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात लागला. दिसायला ती दहा किंवा वीस डॉलरच्या नोटांची साधी गड्डी असते, खाली-वर खऱ्या नोटा असतात आणि मधला भाग पोकळ करून त्यात रंग, तो उडवणारे रसायन आणि एक छोटा रेडिओ-रिसीव्हर बसवलेला असतो. पुढच्या काळात ही उपकरणे इतकी पातळ आणि लवचिक झाली की गड्डी हातात घेऊन वाकवली तरी आत काही आहे असे जाणवत नाही. कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये ही गड्डी एका चुंबकीय पट्टीवर ठेवलेली असते आणि पट्टीवर असेपर्यंत ती झोपलेली असते. पट्टीवरून उचलली की जागी होते, पण फुटत नाही. शाखेच्या दाराशी एक ट्रान्समीटर बसवलेला असतो. गड्डी दारातून जाताना त्याच्या टप्प्यात आली की आतले घड्याळ सुरू होते आणि साधारण दहा सेकंदांनी किंवा त्याहून थोड्या उशिराने, म्हणजे चोर गाडीत बसता-बसता, ती फुटते.

दहा सेकंदांचा हा अवधी हीच त्या उपकरणातली खरी अक्कल आहे असे मला वाटते. गड्डी शाखेत फुटली तर चोर पिसाळतो आणि समोरच्या कॅशियरचा जीव धोक्यात येतो. फार उशिरा फुटली तर चोराने बाकीचा पैसा तिच्यापासून वेगळा केलेला असतो. फुटताना आतले तापमान सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत जाते, त्यामुळे पिशवीत हात घालून ती बाहेर काढून फेकणेही सोपे राहत नाही. बाहेर पडतो तो लाल धूर, ज्यात बहुधा डिस्पर्स रेड 9 नावाचा रंग असतो आणि काही प्रकारांत अश्रुधूरही मिसळलेला असतो. तो नोटांवर बसतो, पिशवीवर बसतो, कपड्यांवर आणि हातांवर बसतो. नोटा निकामी होणे हा त्याचा अर्धा उपयोग झाला. दुसरा अर्धा असा की अमुक माणूस अमुक वेळी अमुक पिशवीजवळ होता, हे त्याच्या कातडीवर लिहिले जाते.

आपल्या शाखांत काउंटरवर असे पॅक मी संपूर्ण नोकरीत एकदाही पाहिले नाही, आणि त्याचे कारण कंजूषपणा एवढेच नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनच्या दिवशी तालुक्याच्या शाखेत काय गर्दी असते ते तुम्ही पाहिले असेल. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बायका, दाराशी सायकली, पायऱ्यांवर बसलेले लोक. त्या दारातून बाहेर पडताच दहा सेकंदांनी गरम धूर सोडणारी वस्तू कोणत्याही जबाबदार माणसाने ठेवू नये. शिवाय चुंबकीय पट्टीवरून ती गड्डी चुकून उचलून एखाद्या खातेदाराला देणे हे आमच्या घाईच्या कामात अगदी शक्य होते.

शाईची दुसरी पद्धत शाखेत नाही, रोकड नेणाऱ्या पेटीत आणि एटीएमच्या कॅसेटमध्ये बसवतात, आणि तुमच्या ड्रायव्हरच्या बोलण्याचे मूळ बहुधा याच पद्धतीत आहे. फ्रान्स, बेल्जियम आणि युरोपातल्या इतर देशांत ती रुळलेली आहे. एटीएमच्या एका कॅसेटमध्ये साधारण 2,000 ते 2,500 नोटा दाटून उभ्या असतात. पाचशेच्या नोटा असतील तर एका कॅसेटमध्ये दहा-बारा लाख रुपये झाले. कॅसेटच्या आतच शाईची नळी आणि संवेदक असतात. मशीन वाकवले, आपटले, कापायला घेतले, आत गॅस सोडला किंवा कॅसेट ठरलेल्या पद्धतीशिवाय उघडली तर शाई नोटांच्या कडांवर सोडली जाते. रोकड व्हॅनमधल्या पेटीचे तंत्र थोडे निराळे आहे. व्हॅनपासून एटीएमपर्यंतचे फुटपाथवरचे अंतर कापायला त्या पेटीला मोजून दिलेला वेळ असतो, आणि तेवढ्या वेळात ती पोहोचली नाही तर ती स्वतःच आतला माल रंगवून टाकते. पहारेकऱ्याच्या डोक्याला बंदूक लावून काही मिळणार नाही, हे चोरालाही ठाऊक असावे म्हणून पेटीवर तसे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. युरोपीय मध्यवर्ती बँक लोकांना सांगते की अशा शाईचे डाग असलेली नोट शक्यतो घेऊच नका, कारण ती बहुधा चोरीतली असते. ब्राझीलमध्ये एटीएम सुरुंगाने उडवण्याचे प्रकार वाढले तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेने 2011 मध्ये गुलाबी डाग पडलेल्या नोटांबद्दल असेच कडक नियम केले.

न दिसणाऱ्या खुणाही आहेत. ब्रिटनमध्ये अशी द्रव्ये वापरतात की जी साध्या उजेडात दिसत नाहीत, अतिनील दिव्याखाली चमकतात आणि प्रत्येक बाटलीची रासायनिक घडण वेगळी असल्याने डाग कोणत्या ठिकाणच्या बाटलीतला हे प्रयोगशाळेत सांगता येते. गड्डीत बसणारे पातळ जीपीएसही असतात. त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध कमी आहे.

आता नोंदीकडे वळतो, कारण माझ्या मते मुख्य गोष्ट हीच आहे. अमेरिकेत 1968 च्या बँक संरक्षण कायद्यानंतर जे नियम झाले त्यांत रासायनिक उपकरणांच्या बरोबरीने आधीच क्रमांक टिपून ठेवलेल्या नोटांचा उल्लेख आहे. अशा आमिषाच्या नोटा प्रत्येक ड्रॉवरमध्ये थोड्याशा असतात, त्या रोजच्या व्यवहारात द्यायच्या नसतात आणि दरोडा पडला तर इतर पैशांबरोबर निमूटपणे देऊन टाकायच्या असतात. त्यांचा क्रमांक नंतर बोलतो. 1932 मध्ये प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचे अपहरण झाले तेव्हा खंडणीच्या नोटांचे क्रमांक टिपून ठेवले होते. अडीच वर्षांनी, 1934 च्या सप्टेंबरमध्ये, एका पेट्रोल पंपावरच्या कामगाराने संशय आला म्हणून नोटेच्या कडेवर गाडीचा क्रमांक लिहून ठेवला आणि त्या दोन क्रमांकांच्या जोडीने ब्रुनो हाउप्टमन पकडला गेला. 1971 मध्ये विमान पळवून 2 लाख डॉलर घेऊन हवाई छत्रीने उडी मारलेला माणूस आजपर्यंत सापडलेला नाही, पण 1980 मध्ये कोलंबिया नदीच्या काठी एका मुलाला वाळूत कुजलेल्या 5,800 डॉलरच्या नोटा सापडल्या तेव्हा त्या त्याच खंडणीतल्या आहेत हे क्रमांकांच्या यादीवरूनच कळले. आठ वर्षे मातीत पडून शाईचे काय झाले असते, कोण जाणे. कागदावर लिहिलेला क्रमांक मात्र जिथल्या तिथे होता.

आपल्याकडे हेच काम निराळ्या रीतीने, आणि खरे सांगायचे तर अर्धवट, होते. गड्डी म्हणजे 100 नोटा, दहा गड्ड्यांचे एक बंडल. प्रत्येक गड्डीला कागदाची पट्टी, पट्टीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि मोजणाऱ्याची सही. चोरी झालेल्या पिशवीतली ही एक पट्टी कुठे उसाच्या फडात फेकलेली मिळाली तरी पैसा कोणत्या शाखेतून, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून बाहेर पडला हे कळते. 7 नोव्हेंबर 2001 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानंतर गड्डीला पिना मारणे बंद झाले. नोटेच्या जलचिन्हाच्या पांढऱ्या जागेवर पेनने आकडा लिहिण्याची कॅशियर मंडळींची जुनी खोडही त्यानंतर हळूहळू मोडली, आणि ते योग्यच झाले. पण एक कबुली देतो की त्या काळात मी माझ्याच हाताचा सातचा आकडा तीन वर्षांनी दुसऱ्या तालुक्यात परत आलेल्या नोटेवर ओळखला आहे.

कोऱ्या नोटांची गोष्ट वेगळी आहे. त्या चेस्टमधून शाखेत येतात तेव्हा क्रमांक सलग असतात, म्हणून गड्डीचा पहिला आणि शेवटचा क्रमांक लिहून ठेवला की शंभर नोटांवर न दिसणारी खूण झाली. यातही एक खाच आहे. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट घालतात. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत ही पद्धत 2006 पासून आली आणि पाचशेच्या नोटांत 2016 पासून. अशा गड्डीला तसे सांगणारी जास्तीची पट्टी असते. ती पट्टी वाचली नाही तर पहिला आणि शेवटचा क्रमांक बरोबर असूनही मधल्या एक-दोन नोटा यादीतून निसटतात.

मी ज्या हलगर्जीपणाचा उल्लेख केला तो असा. तापीकाठच्या एका तालुक्याच्या शाखेत मी होतो. तिथून लहान उपशाखेला रोकड द्यायला आमचा कॅशियर आणि शिपाई भाड्याच्या जीपने जात असत आणि बसस्टँडजवळ पिशवी हिसकावली गेली. पोलिसांनी विचारले की क्रमांक आहेत का. मी मोठ्या तोऱ्यात नोंदवही काढून दिली, कारण पिशवीत पन्नासच्या दोन कोऱ्या गड्ड्या होत्या आणि त्यांचे पहिले-शेवटचे क्रमांक माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. दोन आठवड्यांनी त्यातली एक नोट सापडली. ती एका पेट्रोल पंपावर मिळाली, पंपावरून तिचा माग एका मोटारसायकलवाल्याकडे गेला, आणि त्याच्याकडून गावातल्या एका किराणा दुकानदाराच्या लेकीपर्यंत पोहोचला.

दुकानदार शाखेत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. त्याने मला एवढेच विचारले, “साहेब, मी चोर शे का?” मी त्याला बसवले आणि नोंदवही पुन्हा उघडली. घोटाळा माझ्या लक्षात आला तो तेव्हा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींना देण्यासाठी कोऱ्या नोटा मागायला गावातले निम्मे लोक शाखेत येतात, आणि पिशवी जाण्याच्या तीन दिवस आधी त्या दोन गड्ड्या आमच्याच काउंटरवरून वाटल्या गेल्या होत्या. पिशवीत भरल्या होत्या दुसऱ्याच गड्ड्या, वापरलेल्या नोटांच्या, ज्यांचे क्रमांक कोणीही लिहिले नव्हते. वाटलेल्या गड्ड्यांच्या नोंदीवर काट मारायची राहून गेली होती. त्या दुकानदाराने लेकीला अकरा कोऱ्या नोटा दिल्या होत्या, एवढाच त्याचा गुन्हा. मी ठाण्यात जाऊन लेखी दिले, त्याची सुटका झाली. खऱ्या नोटा मात्र गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर आमिषाची गड्डी मी ड्रॉवरच्या डाव्या कप्प्यात लाल दोऱ्याने बांधून ठेवायला लावली आणि दर सोमवारी नोंदवही समोर ठेवून तिचा क्रमांक दोघांनी वाचायचा असा नेम केला. दोघांनी म्हणजे दोघांनीच. एकाने वाचून दुसऱ्याने मान डोलावणे आम्ही मोजत नसू.

नोटेवर मुद्दाम खूण करण्याचे काम आपल्या राज्यात सर्वांत शिस्तीने कोण करत असेल तर ती बँक नव्हे, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. अशा सापळ्यात मी एकदा पंच होतो. नोटा टेबलावर मांडल्या, प्रत्येकीचा क्रमांक मी मोठ्याने वाचला, लेखनिकाने लिहिला, दुसऱ्या पंचाने ताडून पाहिला आणि त्यानंतरच पावडर लावली गेली. महाराष्ट्रात पूर्वी यासाठी अँथ्रासीनची पावडर वापरत, जी अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. फिनॉल्फ्थॅलीनची पावडर असेल तर नोट हाताळणाऱ्याची बोटे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. पावडर लावणाऱ्याने नोटा तक्रारदाराच्या खिशात घालायच्या, इतर कोणी त्यांना बोट लावायचे नाही. तिथे मला जे शिकायला मिळाले ते बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते: पंचनाम्यात क्रमांक आधी येतो आणि रंग नंतर.

वापरलेल्या नोटांची चोरी झाली तर तपास किती अवघड जातो याचे उदाहरण ऑगस्ट 2016 मधले आहे. सेलमहून चेन्नईला जाणाऱ्या गाडीच्या डब्याच्या छताला भोक पाडून 5.78 कोटी रुपये नेले गेले. त्या रिझर्व्ह बँकेकडे परत चाललेल्या जुन्या, मळक्या नोटा होत्या, म्हणजे सलग क्रमांक नाही आणि यादीही नाही. अटक व्हायला दोन वर्षे लागली. भुसावळ जंक्शनवरून रोकडीचे डबे जाताना मी पाहिले आहेत, त्यामुळे ही बातमी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली होती.

एटीएमच्या बाबतीत आपल्या रिझर्व्ह बँकेचा भर रंगापेक्षा कुलपावर राहिला आहे. एप्रिल 2018 मध्ये तिने सांगितले की मशीनपाशी उभे राहून नोटा भरण्याऐवजी कुलूपबंद कॅसेट बदलावी. ठरलेली मुदत पुढे वाढत 31 मार्च 2023 पर्यंत आली. 14 जून 2019 च्या परिपत्रकात एकदाच चालणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचे डिजिटल कुलूप आले, आणि मशीन भिंतीत, खांबात किंवा जमिनीत पक्के रोवण्यासाठी 30 सप्टेंबर 2019 ही तारीख दिली गेली. रोवण्याचे महत्त्व महामार्गालगत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पिकअपला साखळी बांधून मशीन उपटायचे, शेतात नेऊन गॅस कटरने कापायचे, हाच प्रकार आपल्याकडच्या बातम्यांत असतो. म्हणून माझे निरीक्षण असे आहे की आपल्या भागात फोडलेल्या एटीएमची नोट ओळखायची असेल तर रंगाआधी कड करपली आहे का हे पाहावे. कटरच्या ज्वाळेने कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या नोटांची कड तपकिरी होऊन ठिसूळ होते आणि बोटाने घासली तर भुगा पडतो.

आता डागांविषयी. काउंटरवर बसणाऱ्याला खान्देशात जेवढे डाग पाहायला मिळतात तेवढे इतरत्र क्वचित मिळत असतील. चोपड्याकडचा केळी उत्पादक नोटा देतो तेव्हा त्यांवर काळपट-तपकिरी चट्टे असतात, मी नवा असताना एकदा अशी नोट बाजूला काढली तर समोरचा आजोबा हसून म्हणाला, “हाऊ केळीना चीक शे, आप्पा, रंग नई.” चिकाचा डाग वेडावाकडा, थेंबाथेंबाचा आणि नोटेच्या मध्यावर असतो, कारण तो बोटांनी लागतो. नंदुरबारच्या मिरचीच्या मोसमात नोटांवर लालसर भुकटी असते, ती झटकली तर उडते आणि मोजणाऱ्याला शिंका येतात. होळीनंतरच्या आठवड्यात गुलाबी नोटा येतात, त्या खिशात ओल्या झालेल्या असल्याने घडीच्या रेषेवर रंग गडद आणि बाकी फिका असतो. हळदीचा डाग पिवळा आणि पानाचा विटकरी असतो. या साऱ्या नोटा खऱ्या असतात आणि या डागांमुळे त्यांचे मूल्य कमी होत नाही.

चोरीविरोधी शाई निराळी दिसते, याचे कारण तिच्या लागण्याच्या रीतीत आहे. नोटा गठ्ठ्यात दाबून उभ्या असतात तेव्हा शाई सोडली जाते, त्यामुळे ती कडेतून आत शिरते. कडेला डाग सर्वांत गडद असतो आणि मध्याकडे जाताना फिका होत जातो. रंग बहुधा जांभळा, हिरवा, निळा, लाल किंवा काळा असतो. तुमच्या तिन्ही नोटा एकावर एक सारख्या ठेवा, डागाची कड एका बाजूला करा आणि उजेडात पाहा. तिन्हींवरचा डाग एकाच ठिकाणी सुरू होऊन एकाच ठिकाणी संपत असेल, जणू एकच रेघ तिघींवरून ओढली आहे असा, तर त्या डाग पडताना एकाच गठ्ठ्यात होत्या. एवढ्यावरून गठ्ठा एटीएमचाच होता असे म्हणता येत नाही.

येथे एक शंका तुमच्याच दाराशी आणतो. जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर प्रेसमार्क आणि गाठ क्रमांक टाकायला जी शाई वापरतात तिचा रंग तुम्ही एकदा पाहून घ्या. तसेच बिलांवर शिक्का मारण्याच्या जांभळ्या पॅडवर नोटांची चळत कोणी उभी टेकवली होती का, हेही विचारा. पॅडची शाई कडेला लागली तर ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत जाते आणि तिची सीमा सरळ असते. दाबाखाली सोडलेली शाई आत ओघळते आणि तिची सीमा कापसाच्या पेळूसारखी विस्कटलेली असते. माझा अंदाज, नोटा न पाहता, पॅडच्या बाजूने अधिक झुकतो.

धुण्याचा विचार मात्र मुळीच करू नका. चोरीविरोधी शाई कागदाच्या तंतूंत बसावी म्हणूनच बनवलेली असते, आणि ती काढण्याइतके जहाल द्रव्य वापरले तर शाईआधी नोटच जाते. सध्याची पाचशेची नोट करड्या रंगाची आहे. ब्लीच लागले की तो करडा रंग फिकटतो, उजवीकडे खाली असलेला, तिरके धरल्यावर हिरव्याचा निळा होणारा पाचशेचा आकडा मरतो, सुरक्षा धागा निस्तेज होतो आणि अतिनील दिव्याखाली कागद जसा दिसायला हवा तसा दिसत नाही. छाननी यंत्र अशी नोट बाजूला टाकते. डागाळलेली नोट दाखवणारा माणूस निर्दोष असू शकतो. धुतलेली नोट दाखवणाऱ्याला मात्र आधी बरेच प्रश्न विचारले जातात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 27 नुसार फाटक्या, विद्रूप किंवा अतिशय मळलेल्या नोटा पुन्हा चलनात द्यायच्या नसतात, आणि कलम 28 नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या वा खराब झालेल्या नोटेचे पैसे परत मागण्याचा कोणाला हक्क नसतो; नोट परतावा नियम, 2009 खाली जे मिळते ते सवलत म्हणून मिळते. अखंड, दोन्ही क्रमांक वाचता येणारी, केवळ डाग पडलेली नोट मळकी समजली जाते आणि ती कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते. खूप करपलेली, ठिसूळ झालेली नोट शाखा घेत नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयाकडे (इश्यू ऑफिसकडे) न्यावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतल्या कलम 411 च्या जागी आलेल्या कलमानुसार, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणे वा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. तुम्हाला शंका आली आहे, आणि ती तुम्ही लिहूनही पाठवली आहे. म्हणून यापुढे त्या नोटा गल्ल्यात मिसळून पुढे ढकलणे हे तुमच्या हिताचे नाही.

तेव्हा असे करा. तिन्ही नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यांना पिन किंवा चिकटपट्टी लावू नका. कागदावर तिन्हींचे क्रमांक, मिळाल्याची तारीख, ट्रकचा नंबर आणि भाड्याच्या पावतीचा क्रमांक लिहा, आणि लिहून झाल्यावर दुसऱ्या कोणाकडून ते क्रमांक वाचवून घ्या. जिनिंगचे खाते जिथे आहे त्या शाखेत जाऊन कॅशियरला नको, शाखा व्यवस्थापकाला भेटा, डाग दाखवा आणि तुमच्या शाई-पॅडची शक्यताही मोकळेपणाने सांगा. नोटा साध्या मळक्या ठरल्या तर तिथेच बदलून मिळतील. व्यवस्थापकाला त्यांत चोरीचा संशय आला तर तो पोलिसांना कळवील, नोटा पंचनामा करून मुद्देमालात जातील, आणि त्या काळात तुमच्याकडे राहील तो तुम्ही लिहिलेला कागद. त्याची एक प्रत व्यवस्थापकाच्या सही-शिक्क्याने घेऊनच शाखेतून बाहेर पडा. मुद्देमालातल्या नोटा खटला संपेपर्यंत विनाकारण अडकवून ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रे करून हमीपत्रावर परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे, त्यामुळे दीड हजार रुपये कायमचे गेले असे धरून चालू नका. ड्रायव्हरवर आधीच आळ घेऊ नका. भाड्याची रक्कम त्याला कोणी दिली एवढेच विचारून कागदावर लिहून ठेवा.